मलबार हिलचे दोन खून आणि जपानचे दोन: आधी कुठलं वाचाल?

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या कपाटात चार नव्या रहस्यकादंबऱ्या आल्या. नव्या म्हणजे माझ्या घरी नव्या, कारण त्यातली एक मुळात १९४६ सालची आहे. दोन मुंबईत घडणाऱ्या, दोन जपानी, आणि चारही मी इंग्रजीतून वाचल्या. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींनी परवा जिन्यातच गाठलं. "अगं, गणपतीत गावी चाललेय, एकच पुस्तक नेता येईल. कुठलं देतेस?" तेव्हा पटकन सांगता आलं नाही. त्यांच्यासारखं आणखी कुणी ठरवत असेल तर म्हणून हे सविस्तर.

मुंबईच्या दोन्ही पुस्तकांच्या नावांत हमखास घोळ होतो. एक सुजाता मॅसी यांची 'अ मर्डर ऑन मलबार हिल' (२०१८) आणि दुसरी वसीम खान यांची 'मिडनाइट ॲट मलबार हाउस' (२०२०). दोन्हींची नायिका पारशी, दोघी पुरुषांच्या पेशात एकट्या आणि दोघींचे वडील खमके. तरी वाचायला ही पुस्तकं अगदी वेगळी.

मॅसींची परवीन मिस्त्री १९२१च्या मुंबईत वडिलांच्या फर्ममध्ये वकिली करते. बाईला वकील म्हणून कोर्टात उभं राहायची मुभा कायद्याने मिळाली ती १९२३ साली. त्यामुळे परवीनच्या वाट्याला कागदपत्रांचं काम. त्यात तिच्या लक्षात येतं की एका श्रीमंत मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा आपला हिस्सा वक्फला देऊन टाकायला निघाल्यात. तिघी गोषातल्या. वडिलांना त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, परवीनला येतं. कथेची किल्ली हीच आहे आणि ती मला फार आवडली: बाई असल्यामुळे जे दार एरवी बंद, तेच इथे फक्त बाईसाठी उघडं.

पण खरं धरून ठेवलं ते दुसऱ्या धाग्याने. पाच वर्षं आधी परवीन लग्न होऊन कलकत्त्याला जाते आणि सासरी पाळीच्या दिवसांत तिला एका खोलीत वेगळं बसवलं जातं. ती बंद हवा, दाराशी आणून ठेवलेलं जेवण, दिवस मोजणं. ज्यांनी आजीला 'बाहेर बसलेली' पाहिलंय त्यांना हा भाग परका वाटणार नाही. मला तो वाचून पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावं लागलं. तपास मात्र संथ आहे. खून होईपर्यंत बरंच थांबावं लागतं आणि छडा लागतो तेव्हा धक्का बसत नाही.

खान यांची पर्सिस वाडिया पोलीस इन्स्पेक्टर आहे. ३१ डिसेंबर १९४९ची रात्र, प्रजासत्ताक जाहीर व्हायला जेमतेम महिना, आणि एका इंग्रज अधिकाऱ्याचा त्याच्याच बंगल्यात, पार्टी रंगात असताना खून होतो. धागेदोरे फाळणीतल्या अत्याचारांपर्यंत जातात. पर्सिस अर्थात कल्पनेतली. किरण बेदी देशातल्या पहिल्या महिला आयपीएस झाल्या त्या १९७२ साली. या कादंबरीला २०२१ मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा ऐतिहासिक गुन्हेकथेचा डॅगर पुरस्कार मिळाला. वेग चांगला आहे, पानं भराभर उलटतात. माझी तक्रार एकच: फाळणी, संस्थानं, गांधीजी हे सगळं समजावून सांगत बसलेत. परदेशी वाचकाला ते लागत असेल, आपण तर हे शाळेपासून ऐकलंय.

आता जपान. केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' जपानीत २००५ साली आली, तिला तिथला साहित्याचा नाओकी पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये ती इंग्रजीत आली. इथे खुनी कोण हे पहिल्या काही पानांतच कळतं. डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी यासुको, तिची शाळकरी मुलगी, आणि पैशासाठी छळणारा, दारात येऊन उभा राहिलेला आधीचा नवरा. हातात येते ती शेगडीच्या टेबलाची विजेची वायर. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी भिंतीपलीकडून सगळं ओळखतो आणि सांगतो, आता मी म्हणतो तसं करा.

मी ठाण्याहून वाशीला ट्रान्स हार्बर लोकलने जाते. अर्ध्या तासाचा प्रवास, त्यात साधारण एक प्रकरण होतं. या पुस्तकाच्या शेवटाकडे मात्र घणसोली, कोपरखैरणे कधी गेलं कळलं नाही. वाशीला उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसून उरलेली पानं संपवली. ऑफिसला उशीर झाला तो झालाच. शेवट सांगणार नाही. इतकंच सांगते की आपण गणित बरोबर सोडवत होतो, पण समोर गणितच वेगळं मांडलेलं होतं. आणि ते कळतं तेव्हा हुशारीचं कौतुक मागे पडतं, गलबलून येतं. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारवर वाढलेल्या माझ्या बाबांनीही हे दोन दिवसांत संपवलं आणि म्हणाले, "यात व्हिलन कोण, तेच कळेना गं."

सेइशी योकोमिझो यांची 'द होन्जिन मर्डर्स' ही १९४६ची. इंग्रजीत यायला २०१९ उजाडलं. १९३७ सालचं खेडं, जुन्या घराण्यातलं लग्न, पहिल्याच रात्री कोतो या जपानी तंतुवाद्याच्या तारांचा आवाज, आतून बंद घर आणि बाहेर बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नाही. पुस्तक दोनशे पानांच्या आत. कोडं सोडवण्याची हौस असेल तर ही मेजवानीच. माणसांत गुंतायची सवय असेल तर कोरडं वाटेल. नावं एकमेकांत इतकी मिसळतात की मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने घराण्याचा वंशवृक्ष काढून ठेवला.

तेव्हा असं करा. रहस्यकथा आजवर फारशा वाचल्या नसतील, तर डोळे मिटून 'सस्पेक्ट एक्स'. लोकलमध्ये तुकड्या-तुकड्याने वाचणार असाल तर वसीम खान, कारण सुटलेला धागा चटकन हाती लागतो. घरी सलग दुपार मिळणार असेल आणि खुनापेक्षा घर, कायदा, बायकांचं जगणं यात रस असेल तर मॅसी. 'होन्जिन' मी पहिलं पुस्तक म्हणून कुणालाच देणार नाही. अगाथा क्रिस्टीची दोन-चार पचवली असतील तर मात्र ते चुकवू नका. विकत घ्यायच्या आधी वाचनालयात विचारून पाहा. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, आणि रहस्यकथांचं वेड आमच्या घरात तिथल्याच कपाटांतून आलं.

वहिनींना मी मॅसी दिलं. त्यांना 'सस्पेक्ट एक्स' हवं होतं, पण ते बाबा दुसऱ्यांदा वाचतायत.