फवाइद-उल-फुआद इंग्रजीतून : नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या संभाषणांचा 'फवाइद-उल-फुआद' हा फारसी ग्रंथ ब्रूस लॉरेन्स यांनी 'मॉरल्स फॉर द हार्ट' या नावाने इंग्रजीत आणला आणि १९९२ मध्ये पॉलिस्ट प्रेसने तो प्रसिद्ध केला. गेले नऊ महिने हा अनुवाद माझ्या उशाशी आहे. मूळ ग्रंथात पाच भागांत मिळून १८८ मजलिशी, म्हणजे गुरूंभोवती भरलेल्या बैठकी, आहेत. रोज रात्री एक, फार तर दोन, असे वाचत गेल्यामुळे पुस्तक संपायला वेळ लागला, पण ते याच गतीने वाचायला हवे असे आता वाटते. या संभाषणांची नोंदच मुळी १३०८ ते १३२२ अशी चौदा वर्षे चालली होती.

याआधी मी सूफी कवितेची इंग्रजीतील काही लोकप्रिय रूपांतरे वाचली होती. त्यांत नमाज, रोजा, कुराणातील आयती हे सगळे झाडून काढलेले असते आणि उरतो तो कोणत्याही शुभेच्छापत्रावर शोभेल असा प्रेमाचा गोड अर्क. लॉरेन्स यांनी तसे केलेले नाही. गुरूंचा उल्लेख आला की पाठोपाठ येणारा दुवाही ते गाळत नाहीत. कोणत्या रात्री किती रकात (नमाजाची आवर्तने) पढाव्यात याची चर्चा मुळात आहे तशीच अनुवादात आहे. ती पाने मी दुसऱ्या महिन्यापासून भरभर उलटू लागलो, हे कबूल करतो.

ग्रंथाची घडण मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा स्वामींच्या पश्चात, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडून गोळा केल्या. इकडे अमीर हसन सिज्झी हा कवी गुरूंच्या समोर बसून ऐकत असे आणि नंतर ते लिहून ठेवत असे. वर्षभराहून अधिक काळ त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. शेवटी त्याने गुरूंना लिखाण दाखवले, तेव्हा त्यांनी ते वाचून पसंती दिली आणि जिथे आठवण न राहिल्यामुळे त्याने जागा कोऱ्या सोडल्या होत्या, त्या स्वतः भरून दिल्या. हा हसन पुढे मुहम्मद तुघलकाच्या हुकमाने दिल्लीहून दौलताबादेस आला आणि खुलताबादेत त्याची कबर आहे, हे मला पुस्तक अर्धे झाल्यावर कळले. गुरुबंधू बुऱ्हानुद्दीन गरीब हेही तिथेच आहेत.

अनुवादाविषयीची माझी मुख्य तक्रार शीर्षकापासूनच सुरू होते. 'फवाइद' हे 'फायदा' या शब्दाचे अनेकवचन आहे. ग्रंथाच्या नावाचा सरळ अर्थ 'हृदयाचे फायदे', अर्थात हृदयाला लाभेल असे काही. 'मॉरल्स' म्हटले की समोर शाळेतील बोधकथांचा तास उभा राहतो आणि आतले संभाषण तर तसे मुळीच नाही. लॉरेन्स यांचे इंग्रजी स्वच्छ आहे, त्यात दोष काढावा असे फारसे नाही. पण फारसी आणि अरबी शब्द शेकडो वर्षे तोंडात असलेल्या माणसाने हे पुस्तक इंग्रजीतून वाचणे म्हणजे घरच्याच माणसाची परक्याकडून ओळख करून घेण्यासारखे आहे. तिसऱ्या महिन्यात मी एक वही केली. डाव्या पानावर इंग्रजी वाक्य, उजव्या पानावर त्याचे मराठी, आणि शक्य तिथे मूळ संज्ञा.

वहीचा खरा उपयोग पटला तो सब्र आणि रिझा यांतील भेद वाचताना. संकट आले असता तक्रार न करणे म्हणजे सब्र. संकट आलेच नाही असे वाटावे, मनाला त्याची नावडही स्पर्शू नये, म्हणजे रिझा. दृष्टान्त आहे तो घाईने निघालेल्या माणसाचा : पायात काटा रुतून रक्त येत आहे, पण त्याला पत्ता नाही. इंग्रजीतून हे डोक्याला कळते. 'सबुरी' आणि 'राजी' हे शब्द वहीत उतरले तेव्हा मात्र काही समजून घ्यायचे शिल्लक राहिले नाही. (आपली 'रजा' आणि आपला 'राजीनामा' ही याच धातूची लेकरे, कचेरीत त्यांचे काय झाले ते आपण पाहतोच.)

दुसरे उदाहरण भक्तीच्या दोन प्रकारांचे. नमाज, रोजा, हज यांचा लाभ करणाऱ्यालाच होतो, ती 'लाजिमी'. दुसऱ्याला अन्न देणे, दया करणे, ती 'मुतअद्दी', आणि तिचे पुण्य मोजता येत नाही असे औलिया सांगतात. हे दोन्ही शब्द अरबी व्याकरणातले आहेत आणि त्यांना मराठी व्याकरणात नेमके प्रतिशब्द आहेत : अकर्मक आणि सकर्मक. सकर्मक भक्ती! शाळेत कंटाळून पाठ केलेल्या शब्दाला इतक्या वर्षांनी असा अर्थ मिळेल असे वाटले नव्हते.

तरीही या ओळखीच्या शब्दांवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. 'हाल' म्हणजे साधकावर उतरणारी क्षणिक अवस्था. मराठीत हाल होतात ते वेगळे. अशा ठिकाणी इंग्रजी अनुवादच मला सावरून धरतो, आणि म्हणून तो बाजूला ठेवावा असे मी म्हणणार नाही.

इंग्रजीत आणखी एक गोष्ट सपाट होते, ती म्हणजे आदर. निजामुद्दीनांचे गुरू बाबा फरीद अजोधनला (आजचे पाकपत्तन) त्यांच्याशी बोलतात तिथे इंग्रजीत एकच 'यू' आहे. त्याचे मराठी करताना 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावेच लागते, आणि ते ठरवताना गुरुशिष्यांमधले अंतर स्वतः मोजावे लागते. मी बराच खल करून 'तू' ठेवले.

सगळेच वाचन सुखाचे नव्हते. देवगिरीचा प्रसंग आहे : लष्कराबरोबर तिथे गेलेल्या हसनच्या पदरी असलेल्या मलीह नावाच्या गुलामाने तिथे पाच टंक्यांना एक मुलगी विकत घेतली. लष्कर दिल्लीला परत निघाले तेव्हा तिचे आईबाप दुप्पट पैसे घेऊन रडत आले. हसनने स्वतःचे दहा टंके मलीहला दिले, मुलगी आईबापांच्या स्वाधीन केली आणि त्यांचे पैसेही परत केले. औलियांनी त्याला शाबासकी दिली. कथा दयेची आहे, पण माणसाची किंमत पाच टंके असण्याबद्दल त्या मजलिशीत कोणालाच काही वाटत नाही, आणि ती मुलगी बहुधा मराठी बोलणारी असावी हे माझ्या मनातून जात नाही.

संतवाङ्मयाची सवय असलेल्या आणि इंग्रजी गद्य सहज वाचणाऱ्या माणसाने हे पुस्तक अवश्य घ्यावे, मात्र खलिक अहमद निजामी यांची लांब प्रस्तावना पहिल्या भागानंतर वाचावी. आधी वाचली तर इतिहासाच्या तपशिलात अडकायला होते. सध्या मी चौथ्या भागाचे दुसरे वाचन करत आहे. तो सर्वांत मोठा आहे. उजव्या पानावर अजून बऱ्याच जागा कोऱ्या आहेत, त्यांत 'हाल'चीही.