देवाच्या प्रतिरूपावरचा ऑनलाइन बायबल कोर्स, मनापासून आवडला

प्रतिरूप म्हणजे बुद्धी, आत्मा वगैरे असंच मला वाटायचं, पण इथे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातलं १:२६-२७, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं ते वचन, नीट उलगडून सांगितलंय, प्रतिरूपासाठीचा हिब्रू शब्द त्सेलेम, जो मूर्तीसाठीपण वापरतात, म्हणजे देवाने आपलं रूप दगडात नाही तर जिवंत माणसात ठेवलं, नर आणि नारी दोघांत, हे ऐकून मी व्हिडिओ थांबवून नुसती बसून राहिले. मग बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रातलं ३:९, ज्या जिभेने देवाची स्तुती त्याच जिभेने त्याच्या प्रतिरूपातल्या माणसांना शाप, तिथे रडूच आलं, सकाळीच आईला नको ते बोलले होते. कलस्सै १:१५ मात्र घाईत उरकलंय, ख्रिस्त हाच अदृश्य देवाचं प्रतिरूप, खरं तर तोच गाभा ना! आवाज मधेमधे कमी होतो, हेडफोन लावा. चार स्टार.