निनावी खबर, कचऱ्याची पिशवी आणि घरझडती: मूटमध्ये कुठली बाजू घ्यावी?

एलएलएमला, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीला, अमेरिकेत आलेल्या मुलांचे फोन सप्टेंबर उजाडला की सुरू होतात. "दादा, चौथ्या घटनादुरुस्तीचा प्रॉब्लेम आलाय. पोलिसांना निनावी खबर मिळाली, त्यांनी कचरा उघडला, त्यात गांजाचे अंश निघाले, तेवढ्यावर घराच्या झडतीचं वॉरंट निघालं. सरकारच्या बाजूनं उभं राहू की आरोपीच्या?" प्रॉब्लेम म्हणजे मूटचा, सरावाच्या खटल्याचा प्रश्न, आणि चौथी घटनादुरुस्ती म्हणजे अवाजवी झडतीपासून संरक्षण. संध्याकाळच्या वर्गात शिकत असताना याच वळणावर मला निवड करावी लागली होती. मी आरोपीची बाजू घेतली आणि ती अजून सोडलेली नाही. तरी सरकारची बाजू कमकुवत आहे असं समजून कुणी निर्णय घेऊ नये, म्हणून दोन्ही शेजारी ठेवतो. 'प्रोबेबल कॉज', म्हणजे वॉरंटसाठी लागणारा पुरेसा आधार, तुम्ही पहिल्याच महिन्यात शिकलात, तो पुन्हा उलगडत नाही.

एका बाजूला फेडरल, म्हणजे केंद्राचा नियम. त्याचे दोन खांब आहेत. 1983चा 'इलिनॉय विरुद्ध गेट्स' सांगतो, की खबर निनावी असली तरी चालेल, सगळी परिस्थिती एकत्र धरून न्यायाधीशानं ठरवावं. 1988चा 'कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड' सांगतो, की रस्त्याकडेला ठेवलेल्या पिशवीवर तुमचा खासगीपणाचा हक्क उरत नाही, ती उघडायला वॉरंट लागत नाही. दुसऱ्या बाजूला न्यू जर्सी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1990मध्ये 'स्टेट विरुद्ध हेंपेले' या खटल्यात राज्याच्या घटनेचा आधार घेऊन वेगळी रेघ ओढली: पोलिसांनी पिशवी उचलून न्यावी, त्याला कारण लागत नाही, पण ती उघडायची तर आधी वॉरंट हवं. वॉशिंग्टन, व्हरमाँट, न्यू मेक्सिको ही राज्यंही आपापल्या घटनेवरून याच दिशेनं गेली.

वरवर पाहता फरक एका कागदाचा वाटतो. खरा फरक क्रमाचा आहे. फेडरल नियमात कच्ची खबर आली की कचरा उघडून ती पक्की करता येते आणि मग न्यायाधीशाकडे जाता येतं. न्यू जर्सीत खबर आधी स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते. पोलिसांना पाळत ठेवावी लागते, नोंदी तपासाव्या लागतात, कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि त्यानंतरच पिशवीची गाठ सुटते. तुमचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा करा असं मी म्हणेन.

आता खबरीकडे. गेट्सची हकिगत तुम्ही वाचली असेलच. मे 1978मध्ये इलिनॉयमधल्या ब्लूमिंगडेलच्या पोलिसांना एक निनावी पत्र आलं. एक जोडपं फ्लोरिडातून अमली पदार्थ आणतं, बायको गाडी घेऊन जाते, नवरा विमानानं जातो आणि गाडी भरून परत आणतो, असा मजकूर होता. पोलिसांनी विमानाचं तिकीट तपासलं, फ्लोरिडातल्या हॉटेलपर्यंत माग काढला. परतीच्या गाडीत साडेतीनशे पौंड गांजा निघाला. न्यायालय म्हणालं, पत्रातल्या इतक्या गोष्टी खऱ्या ठरल्या की उरलेल्याही खऱ्या असण्याचा संभव दिसतो. सरकारची बाजू घेणाऱ्याला याहून चांगली हकिगत मिळणार नाही. मात्र पत्रातली एक गोष्ट चुकली होती. बायको विमानानं परत येईल असं त्यात होतं, प्रत्यक्षात दोघं एकत्र गाडीनं निघाले. असहमत न्यायाधीशांनी नेमक्या त्यावर बोट ठेवलं. तुम्हीही ठेवा.

मला हा प्रश्न पुस्तकात भेटण्याआधी घरात भेटला होता. वडील महसूल खात्यात होते. त्यांच्याविरुद्ध एक निनावी अर्ज गेला. त्यात ते कोणत्या तारखेला कोणत्या गावी गेले, कुणाकडे जेवले, कुणाच्या जीपमधून परतले, हे सगळं तंतोतंत होतं. तपशील इतके अचूक, म्हणून आरोपही खराच असणार असं वरिष्ठांनी धरलं. चौकशी आठ महिने चालली आणि काहीच निघालं नाही. लिहिणारा जवळचा होता म्हणून त्याला जीप माहीत होती, एवढाच त्याचा अर्थ होता. ज्याला तुमचं जाणं-येणं माहीत आहे त्याला तुमचा गुन्हाही माहीत असतो असं नाही. सर्वोच्च न्यायालयाला हे उमगत नाही असंही नाही. 2000च्या 'फ्लोरिडा विरुद्ध जे. एल.' मध्ये बसथांब्यावरच्या मुलाचं वर्णन खबरीशी जुळलं, तरी एवढ्यावर त्याची अंगझडती चालणार नाही असा निकाल एकमतानं झाला. वर्णन जुळणं वेगळं आणि आरोपाला आधार मिळणं वेगळं, हे त्या निकालात स्वच्छ मांडलंय.

पण माझा निर्णय खबरीवर ठरला नाही. तो कचऱ्यावर ठरला.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ एका दोन कुटुंबांच्या घरात तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. सोमवारी रात्री डबा रस्त्याकडेला न्यायचा, मंगळवारी सकाळी गाडी येणार. एका मार्चमध्ये रात्री रकूननं पिशवी फाडली आणि सकाळी सगळा पसारा ओल्या बर्फावर पसरलेला. हातमोजे घालून मी तो गोळा करायला बसलो. आमचं विजेचं बिल होतं, चहाचा चोथा होता, कोथिंबिरीचे देठ होते. त्याशिवाय आधीच्या भाडेकरूच्या नावानं आलेली बँकेची तीन पाकिटं होती. त्याची पत्रं दोन वर्षं येत होती आणि कंटाळून मी ती टाकून देत होतो. शिवाय सिगारेटची थोटकं आणि बिअरचे डबे, जे आमच्या घरात कधी आलेच नव्हते. वरचे लोक आणि शेजारच्या घरातली मुलं आपला डबा भरला की उरलेलं आमच्या डब्यात कोंबत. त्यावर मी दोनदा चिठ्ठी लावली होती, काही उपयोग झाला नव्हता.

त्याच आठवड्यात वर्गासाठी मी वॉरंटच्या अर्जांसोबतची प्रतिज्ञापत्रं वाचत होतो. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: पिशवीत या पत्त्यावरची पत्रं मिळाली. पिशवीचं घराशी नातं जोडायला तेवढं वाक्य पुरतं. आमच्या त्या पिशवीला ते वाक्य चपखल बसलं असतं. पत्ता आमचा, नाव आधीच्या भाडेकरूचं, थोटकं शेजाऱ्यांची आणि झडती आमच्या झोपायच्या खोलीची. ही एक गोष्ट मला पुढे कधी सोडवता आली नाही. डबा बाहेर ठेवणं आमच्या मर्जीवर नव्हतं, नगरपालिकेचा नियम होता. त्यात कोण काय टाकतं यावर आमचा ताबा नव्हता. 'लोकांच्या हाती लागेल असं बाहेर ठेवलं म्हणजे हक्क सोडला' हे ग्रीनवुडमधलं तर्कशास्त्र त्या बर्फावर मला पटेना. माझं हे एकाच पिशवीवरचं मत आहे, कबूल. तुमच्या डब्याला कुलूप असेल किंवा तुम्ही एकटे राहत असाल तर ते तुम्हाला इतकं टोचणार नाही.

चहाच्या चोथ्याचं मी उगाच लिहिलं नाही. 2012मध्ये कॅन्ससमधल्या लीवूडच्या एका घरावर सकाळी सशस्त्र पोलिसांनी छापा घातला. त्या घरचा बाप आदल्या वर्षी मातीविना बागकामाच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला होता. मग पोलिसांनी घराचा कचरा तपासला. त्यात ओला पालापाचोळा मिळाला, जागेवरच्या चाचणीनं तो गांजा ठरवला, वॉरंट निघालं. तो पाला चहाचा होता. घरात टोमॅटोची रोपं निघाली. तिथे खबर निनावी नव्हती, पण साखळी तुमच्या प्रॉब्लेमसारखीच आहे: किरकोळ संशय, त्याला कचऱ्याचा टेकू, आणि सकाळी दार वाजतं.

फेडरल नियम सगळीकडे सारखा चालतो असंही समजू नका. आठव्या सर्किटनं, म्हणजे त्या विभागाच्या फेडरल अपील न्यायालयानं, 2003च्या 'ब्रिस्को' मध्ये म्हटलं, की कचऱ्यातल्या गांजाच्या बिया आणि काड्या एकट्याही वॉरंटला पुरतात. सहाव्या सर्किटनं 2016च्या 'ॲबरनाथी' मध्ये गांजाची काही थोटकं आणि पिशव्यांतले अंश पुरेसे मानले नाहीत. चौथ्या सर्किटनं 2018च्या 'लाइल्स' मध्ये तर गांजाच्या तीन काड्या आणि सिगारेट वळायच्या कागदाची तीन रिकामी पाकिटं, तीही एकदाच केलेल्या कचरा तपासणीतून मिळालेली, एवढ्यावर अख्ख्या घराची झडती नामंजूर केली. मला लाइल्सचा तर्क पटतो. फेकलेली वस्तू घरातून गेलेली असते. तिच्यावरून घरात साठा उरलाय असं म्हणायला आणखी काहीतरी लागतं. तुमच्या प्रॉब्लेममध्ये कचरा किती वेळा तपासला हे आधी पाहा. एकदाच असेल तर आरोपीची बाजू घ्या. आठवडा आठवडा सोडून तीनदा तेच सापडलं असेल तर मी स्वतःही थांबून विचार करीन.

सरकारच्या बाजूचं एक म्हणणं मी मनापासून मान्य करतो. खबर खरी की खोटी हे पाहायचे जे मार्ग आहेत, त्यांत कचरा कमी त्रासाचा आहे. तो बंद केला तर पोलीस दारापाशी गाडी लावून बसतील, शेजाऱ्यांना विचारत फिरतील, आणि निर्दोष माणसाची बेअब्रू त्यात जास्त होईल. शेजारच्या घरातल्या लहान मुलांच्या काळजीनं, नाव न देता फोन करणारी बाईही खरी असते. तिला आपण खोटी ठरवू नये.

नवशिक्यांच्या नजरेतून एक धागा निसटतो. चुकीच्या वॉरंटवर 'पोलीस सद्भावनेनं वागले' हा बचाव 1984च्या 'लिऑन' पासून फेडरल न्यायालयात चालतो. न्यू जर्सीनं 1987च्या 'नोव्हेंब्रिनो' मध्ये तो नाकारला. म्हणजे तिथे खबरीची कसोटी गेट्ससारखीच सैल ठेवली, पण ती चुकली तर पुरावा हातातून जातो. आणि आपल्याकडून आलेल्यांनी भारतातली सवय इथे आणू नये. 1974च्या पूरनमल निकालापासून आपल्याकडे झडती बेकायदा ठरली तरी पुरावा सहसा वापरता येतो, म्हणून वॉरंटवरच्या वादात आपला आवाज आपोआप खाली येतो. इथे सगळा खटला त्याच वादावर उभा असतो.

प्रॉब्लेममध्ये राज्य दिलेलं नसेल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर मी हेंपेले घेईन. वाटणीत सरकारची बाजू आली तर ग्रीनवुडनं सुरुवात करू नका, न्यायाधीशांना तो पाठ असतो. गेट्समधलं विमानाचं तिकीट आणि हॉटेल घ्या, तुमच्या प्रॉब्लेममध्ये तशी एखादी तपासणी आहे का ते शोधा, आणि कचरा तिच्या मागून आणा. 'पिशवी कुणाची?' हा प्रश्न न्यायाधीशांच्या बाकावरून येणारच. पत्त्याच्या पाकिटाशिवाय दुसरं उत्तर तयार ठेवून उभे राहा.