टाइमशीट, व्हेलॉसिटी, सायकल टाइम की लीड टाइम? टीमचं नेमकं काय मोजायचं

नवीन टीम लीड झालं की पहिल्या महिन्यातच वरून मेल येतो, टीमचा परफॉर्मन्स दाखवणारा एखादा नंबर द्या म्हणून, आणि मग आपण जिरा (टीमची कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसतो तर तिथे रिपोर्टांचा बाजार भरलेला. माझे यातले चारही प्रकार वापरून झालेत, काही हौसेनं, काही गळ्यात पडले म्हणून. तुम्ही आत्ता ठरवायला बसला असाल तर आधी पिठाच्या गिरणीत चला.

सकाळी ९ ला गव्हाचा डबा ठेवून आलात, रांगेत आधीचे ११ डबे, तुमचा बारावा. दुपारी १२ ला पीठ मिळालं. तुमच्या हिशोबाने ३ तास लागले, हा लीड टाइम. गिरणीवाल्याने तुमचा डबा हातात घेतला पावणेबाराला आणि १५ मिनिटांत दळून दिला, हा सायकल टाइम. तासाला ४ डबे निघतात, हा थ्रूपुट. आणि गिरणीवाला दिवसभरात किती तास मशीनपाशी उभा होता ती त्याची टाइमशीट. आता पीठ लवकर हवं असेल तर यातल्या कुठल्या आकड्याकडे बघाल? उभं राहण्याच्या तासांकडे तर नाहीच, पण ऑफिसात आपण नेमकं तेच करतो.

टाइमशीट

सर्व्हिस कंपनीत क्लायंटला तासांचं बिल जातं, त्यामुळे टाइमशीट टळत नाही, भरा आणि सोडून द्या. ती सांगते पैसा कुठे गेला. काम कधी संपेल हे तिला माहीतच नसतं. आणि भरतात कशी ते सगळ्यांना ठाऊक आहे, शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा रिमाइंडर आल्यावर आठवून आठवून ८, ८, ८, ८, ८. गंमत अशी की एखादं तिकीट (जिरात नोंदवलेलं एक काम) रिव्ह्यूसाठी ५ दिवस नुसतं पडून असतं, तेवढ्यात तो माणूस दुसरी तीन कामं उघडून बसतो, तिन्ही अर्धवट, आणि टाइमशीट मात्र रोज काठोकाठ भरलेली. म्हणजे टीम बिझी आहे हे सिद्ध होतं, पुढे सरकतेय का ते नाही.

व्हेलॉसिटी

स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक आठवड्यांच्या टप्प्यात, किती स्टोरी पॉइंट (काम केवढं मोठं याचे अंदाजी गुण) संपले ते. हा तसा वेळेचा आकडा नाही असं ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण मूळ वेळेतच आहे. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी रॉन जेफ्रीज यांनी लिहून ठेवलंय की आधी ते 'आयडियल डेज'मध्ये (काही अडथळा न येता काम केलं तर लागतील ते दिवस) अंदाज द्यायचे, खरे दिवस त्याच्या तिप्पट लागायचे, मॅनेजर लोक गोंधळायचे, म्हणून त्या दिवसांना पॉइंट म्हणायला लागले. पॉइंट बहुधा आपणच काढले असावेत आणि तसं असेल तर सॉरी, असंही त्यांनी म्हटलंय!

टीम तीच असेल, कामाचा प्रकार तोच असेल, तर पुढच्या स्प्रिंटला किती घ्यायचं हे ठरवायला व्हेलॉसिटी ठीक आहे. दोन टीमची तुलना करायला घेतलीत की संपलं, कारण तुमचे ५ आणि शेजारच्या टीमचे ५ यांचा काही संबंध नाही. आणि एकदा का व्हेलॉसिटी वाढवा असं टार्गेट आलं की काल ३ चं असलेलं काम आज आपोआप ५ चं होतं, कुणी मुद्दाम करत नाही, होतं.

सायकल टाइम

माझं मत विचाराल तर सुरुवात इथून करा. काम सुरू केलं ती तारीख आणि संपलं ती तारीख, बस. पण घड्याळ कधी सुरू आणि कधी बंद हे आधी भांडून ठरवून घ्या. डेव्हलपर म्हणतो कोड मर्ज झाला (मुख्य कोडमध्ये मिसळला) की संपलं, टेस्टर म्हणते माझ्याकडे तर आत्ता आलंय, क्लायंट म्हणतो प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमवर) दिसत नाही. जिराच्या कंट्रोल चार्ट या रिपोर्टमध्ये बोर्डवरचे कुठले कॉलम (कामाचे टप्पे) मोजायचे ते आपणच निवडतो, त्यामुळे एकाच टीमचा सायकल टाइम ३ दिवसही दाखवता येतो आणि १२ ही, दोन्ही खरे.

खरी मजा आकडा फोडल्यावर येते. समजा एक तिकीट ११ दिवस चाललं. त्यात लिहायला २ दिवस, टेस्टिंगला १, आणि उरलेले ८ दिवस ते कुणाची तरी वाट बघत होतं, कधी रिव्ह्यूअर रजेवर, कधी टेस्ट एन्व्हायर्नमेंट बंद, कधी क्लायंटकडून एका ओळीचं उत्तर यायचंय. आता त्या डेव्हलपरला तू फास्ट हो म्हणून काय मिळणार, फार तर अर्धा दिवस. हे टाइमशीटमध्ये कधीच दिसलं नसतं.

आणि कृपा करून ॲव्हरेज काढू नका. एक तिकीट ४० दिवस रखडलं की सगळं ॲव्हरेज वर जातं. त्यापेक्षा शेवटची २० तिकिटं दिवसांप्रमाणे चढत्या क्रमाने लावा आणि सतरावं बघा. ते ९ दिवसांचं असेल तर आपली ८५ टक्के कामं ९ दिवसांत किंवा त्याआधी संपतात असं क्लायंटला सांगता येतं, 'साधारण आठवडाभर' यापेक्षा हे वाक्य मीटिंगमध्ये बरंच टिकतं.

लीड टाइम

मागणी आल्यापासून हातात पडेपर्यंत. क्लायंटला किंवा सेल्सवाल्यांना फक्त हाच कळतो, त्यांना तुमच्या आतल्या कॉलमशी देणंघेणं नाही. अडचण बॅकलॉगची, म्हणजे अजून हातात न घेतलेल्या कामांच्या यादीची, तिथे वर्षभर पडलेली तिकिटंही असतात, ती मोजलीत तर आकडा भयंकर येतो. आम्ही 'हे करायचंच' असं ठरलेल्या दिवसापासून मोजतो. एक खड्डा मात्र सांगतो, डेव्हऑप्सवाले (कोड प्रॉडक्शनला पोचवणारी मंडळी) ज्या डोरा मेट्रिक्सबद्दल (सॉफ्टवेअर डिलिव्हरी मोजायचे आकडे) बोलतात त्यातला लीड टाइम हा कोड कमिट झाल्यापासून (लिहून नोंदवल्यापासून) प्रॉडक्शनपर्यंतचा असतो, त्यामुळे एकाच मीटिंगमध्ये दोघं लीड टाइम म्हणतात आणि वेगवेगळ्या गोष्टी बोलतात. आधी विचारून घ्या.

लीड असो की सायकल, कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय गिरणीतच आहे. १२ डबे, तासाला ४, म्हणून ३ तास. याला लिटल्स लॉ म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलेला. हातात घेतलेली कामं भागिले रोज संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारा वेळ. ७ जणांच्या टीममध्ये २१ तिकिटं एकदम सुरू असतील तर ती आधी कमी करा, जादा माणूस मागायला नंतर जा.

मग कुणी काय घ्यावं

तासांवर बिलिंग असेल तर टाइमशीट अकाउंट्ससाठी ठेवा आणि निर्णयासाठी सायकल टाइम. प्रॉडक्ट टीम असाल तर सायकल आणि लीड दोन्ही, व्हेलॉसिटी सोडली तरी चालेल. सपोर्ट टीमला पहिलं उत्तर किती वेळात गेलं आणि प्रश्न कधी सुटला हे दोन्ही लागतं, फक्त 'कस्टमर पेंडिंग'मध्ये टाकून घड्याळ थांबवण्याची सवय लागते तिकडे लक्ष असू द्या. तिघाचौघांची टीम असेल तर टूल विकत घेऊ नका, एक्सेलमध्ये आलं, सुरू केलं, संपलं अशा तीन तारखा पुरतात. नेटवर्कडेज फॉर्म्युला शनिवार-रविवार वगळतो आणि गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी दिली तर त्याही.

यातलं काहीही घेतलंत तरी माणसागणिक लावू नका. अप्रेझलमध्ये कुणाचा सायकल टाइम किती हे आलं की लोक काम जवळपास संपल्यावरच तिकीट 'इन प्रोग्रेस'ला ओढतात, आणि अवघड तिकिटाला कुणी हात लावत नाही. आमच्याकडे एका क्वार्टरमध्ये हे झालं, चार्ट इतका सुंदर आला की मलाच शंका आली.

एक भर घालायची असेल तर चालू तिकिटाचं वय. सायकल टाइम संपलेल्या कामाचा असतो, म्हणजे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. रोजच्या स्टँडअपला (टीमच्या छोट्या मीटिंगला) माणसांपासून सुरुवात न करता सगळ्यात जुन्या तिकिटापासून करा, दहा मिनिटांत उरकतं. आमच्या बोर्डवर आत्ता सगळ्यात म्हातारं तिकीट २३ दिवसांचं आहे आणि ते माझ्याच नावावर आहे, अप्रूव्हलसाठी.