लालबाग, बेंगळूर : ४ स्टार, खरं फ्लॉवर शोच्या गर्दीत जाऊ नका

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी बेंगळूरला उतरला आणि काम अकराचं असलं तर लॉजवर लोळत पडू नका, मॅजेस्टिकहून ग्रीन लाईनची मेट्रो धरा आणि लालबागला उतरा, बाग पहाटे सहालाच उघडती. रिक्षाच्या नादाला लागू नका, एकानं मला परगावचा बघून डबल भाडं सांगितलं आणि मीटर म्हटल्यावर निघूनच गेला.

बहुतेक पब्लिक बागेतल्या काचेच्या ग्लास हाऊससमोर फोटो काढतंय आणि झाली बाग बघून म्हणतंय. खरं ते पार मागाहून आलं की, पायाभरणी १८८९ ची. बाग मूळची हैदर अलीची, १७६० ला स्वतःच्या हौसेसाठी शिरा गावच्या मोगल बागेसारखी लावलेली, तेव्हा फक्त ४० एकर. टिपूनं इराण-काबूलकडनं रोपं आणून ती वाढवली, १७९९ ला त्याची राजधानी श्रीरंगपट्टण पडलं आणि इंग्रजांच्या हातात गेली, १८५६ ला सरकारी बोटॅनिकल गार्डन झाली. आज २४० एकर. म्हणजे जिथं राजाच्या माणसांशिवाय कोण फिरकत नसेल तिथं आता बनियनवर काका लोक जॉगिंग करतायत, मला तर हेच भारी वाटलं. आणि आपल्याशी नातं सांगायचं तर बाग पुढं नावारूपाला आणणारा क्रुम्बिगल नावाचा जर्मन आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होता, १९०८ ला इकडं आला.

तरीपण माझं मत, वेळ कमी असला तर फुलं राहू देत, बागेतल्या मोठ्या खडकावर जावा. वर बेंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाचा मनोरा आहे, खरं बघायचं ते पायाखाली. खाली बसून नीट बघितलं की दगडात पांढरे-काळे पट्टे दिसतात, कुठं सरळ, कुठं पीळ दिल्यासारखे वाकलेले. वय सुमारे ३०० कोटी वर्षं! आपल्या बेळगावकडचा काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढं कालचं पोरगं. पोरं तिथं रील करत असतात, त्यांना सांगून काय उपयोग नाही. पांढऱ्या सावरीचं जुनं झाडही चुकवू नका, मुळं भिंतीसारखी उभी.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास फ्लॉवर शो असतोय, तेव्हा माणसंच बघायची. वयस्कर कोण बरोबर असलं तर खडकावर चढवू नका, तळ्याकडच्या सावलीतनं फिरवा. नाष्टा बाहेर लालबाग रोडवर एमटीआर हॉटेलात, रवा इडली घ्या, रविवारी मात्र नंबर लावून थांबायची तयारी ठेवा.