रंगाच्या पाण्यासाठी बगॅस की भाताचं तूस?

इचलकरंजीत सूत रंगवणारा मित्र विचारतो, सांडपाण्यातला रंग उतरवायला काय घेऊ?

बगॅस म्हणजे उसाचा चोथा. जवळच्या साखर कारखान्यात मिळतं, पण फुकट नाही. कारखाने तेच बॉयलरमध्ये जाळतात. तूस आजरा-चंदगडकडच्या भातगिरण्यांतून आणायचं. इतकं हलकं की ट्रक भरतो, वजन भरत नाही.

टिकण्यात तूस पुढे. त्यात सिलिका असते, लवकर कुजत नाही. बगॅसमधली उरलेली साखर पाण्यात उतरून सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण दाखवणारा आकडा) वाढवते आणि आंबूस वास सुटतो. आधी धुवायलाच हवं.

खरी मेख रंग धरण्यात आहे. दोन्हींचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित, म्हणून मिथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग पटकन चिकटतात. प्रयोगशाळेतले देखणे आकडे बरेचदा याच रंगाचे! सुताचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित, त्यात सोड्याने पाणी अल्कधर्मी. तिथे दोन्ही कच्चे पदार्थ हात टेकतात.

अ‍ॅक्रिलिकचे बेसिक, म्हणजे धनभारित रंग असतील, टाकीत घालून रोज बदलायचं असेल, तर धुतलेलं बगॅस. पिंपात भरून पाणी सतत सोडायचं असेल तर तूस. मित्राचं सूत मात्र सुती. त्याने बगॅसचा सक्रिय कोळसा (बारीक छिद्रं पाडून बनवलेला) बघावा, तुसाच्या कोळशात राख फार. आणि रंग पिऊन झालेला गाळ कुठे टाकणार, हे आधी ठरवावं.