विडंबनासाठी कोणता राक्षस: किल्ल्यातला की रबरी सूटमधला?

जुन्या राक्षसपटांचं विडंबन करणारी दहा-बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची आहे आणि पैसे जेमतेम आहेत. अशा वेळी मला दोनच घराणी विचार करण्यासारखी वाटतात. एक 1931च्या 'फ्रँकेन्स्टाइन'चं: कृष्णधवल, प्रयोगशाळा, कडाडणाऱ्या विजा. दुसरं 1954च्या 'गॉडझिला'चं: रबरी सूटमधला माणूस आणि त्याच्या पायाखाली चिमुकलं शहर.

किल्ल्याचं, म्हणजे 'फ्रँकेन्स्टाइन'चं घराणं गरिबी झाकतं. काळोखात पुठ्ठ्याची भिंत दगडी वाटते आणि एका बाजूने टाकलेला एकच कडक दिवा निम्मा मेकअप करून जातो. दिग्दर्शक मेल ब्रूक्सने त्याचं विडंबन करणारा 1974चा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' हट्टाने कृष्णधवल ठेवला आणि केनेथ स्ट्रिकफॅडनने 1931साली बनवलेली प्रयोगशाळेची उपकरणंच पुन्हा सेटवर आणली. हसू येतं ते त्या प्रेमामुळे. भोवतालचं सगळं जुन्या चित्रपटासारखं चोख असतं, चुकतात ती फक्त माणसं. म्हणूनच इथे सगळा भार नटांवर पडतो. वाक्याआधी क्षणभर थांबणं ज्याला जमत नाही, त्याला घेऊन या वाटेला जाऊ नका. मेरी शेलीची 1818ची मूळ 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरी कुणालाही वापरता येते, पण मेकअपमन जॅक पियर्सने घडवलेला सपाट डोक्याचा चेहरा युनिव्हर्सलच्या चित्रपटाचा आहे. तुमच्या राक्षसाला स्वतःचा चेहरा द्या.

सूटमध्ये पैशांपेक्षा वेळ जास्त जातो. गॉडझिलाचा मूळ सूट 100 किलोच्या आसपास होता. आतले नट हारुओ नाकाजिमा त्यात एका दमात काही मिनिटंच टिकत. फोमचा हलका सूट शिवला तरी आतला माणूस घामाघूम होतो, सारखं थांबावं लागतं आणि शूटिंगचे दिवस वाढतात.

वजनाचा भास मात्र आता आवाक्यात आलाय. 1954ची ती शहरं 1/25 मापाची होती. छोटी वस्तू मोठी वाटावी म्हणून हालचाल मापाच्या वर्गमुळाइतकी संथ करतात. पंचविसाचं वर्गमूळ पाच, म्हणून चित्रपटाच्या नेहमीच्या 24 फ्रेमच्या पाचपट, सेकंदाला 120 फ्रेमने शूट करून 24ने दाखवलं की पुठ्ठ्याची इमारतही जड होऊन कोसळते. बऱ्याच फोनना हा वेग जमतो. पण प्रकाशही पाचपट लागतो, आणि त्या उजेडात सूटची शिवण लपत नाही. ती दिसू द्या. फक्त पात्रांपैकी कुणीही तिच्याकडे बघायचं नाही, त्यांची भीती खरीच हवी.

पहिलीच फिल्म असेल तर मी किल्लाच निवडेन. तुमच्यात कुणी रात्र-रात्र बसून खिडक्या कापणारं असेल, तरच शहर उभं करा. आणि ते पाडताना दोन कॅमेरे लावा, कारण इमारत एकदाच पडते.